केसाळ शेवाळावर समुद्रससा: विकत घ्यावा की परतीच्या बोलीवर आणावा?

मुंबईत खाऱ्या पाण्याचे मासे विकणाऱ्या दुकानांत ‘सी हेअर’, म्हणजे समुद्रससा, या नावाने एक ओबडधोबड, शेवाळी-तपकिरी रंगाचा, गोगलगायीच्या जातकुळीतला मऊ प्राणी अधूनमधून विक्रीला येतो, आणि केसाळ शेवाळाने टाकी भरून गेलेल्या हौशी माणसाला तो हमखास उपाय म्हणून सुचवला जातो. असा एक प्राणी मी उपनगरातील एका दुकानातून आणला. पुढील परीक्षण त्या प्राण्याचे आहे आणि ओघाने त्या दुकानाच्या सेवेचेही आहे. माझे मत आधीच नोंदवते: शेवाळ फस्त करण्याच्या कामात याचा हात धरील असे दुसरे काही बाजारात मिळत नाही, परंतु तो कायमचा ठेवून घेण्याजोगा नाही. काम होईपर्यंत आणावा आणि मग परत करावा, किंवा ज्याच्या टाकीत शेवाळ आहे त्याच्याकडे पोहोचवावा. या मताची कारणे त्या प्राण्याच्या आयुष्यक्रमातच असल्यामुळे परीक्षणाचा बराचसा भाग मी त्यालाच दिला आहे.

दुकानाच्या पाटीवर जातीचे नाव नव्हते, आणि पहिला गुण इथेच कापावा लागतो. समुद्रससा हे नाव अ‍ॅप्लिसिइडी कुळातील अनेक जातींना सरसकट लावले जाते. त्यांतील काही जाती बोटभर लांबीवर थांबतात, तर काही हातभर वाढतात, आणि दोन-तीन फुटांची टाकी ठेवणाऱ्या गिऱ्हाइकाच्या दृष्टीने हा फरक किरकोळ नाही. मला मिळालेला प्राणी डोलाबेला ऑरिक्युलारिया या जातीचा होता. ही जात ओळखायला अवघड नाही: डोक्याकडे शरीर निमुळते असते, मागे ते रुंद होत जाते आणि शेवटी एखाद्याने तिरका काप घ्यावा तसे एका उतरत्या सपाट तबकडीत संपते. तबकडीच्या कडेने मांसल उंचवट्यांची झालर असते, आणि मधोमध असलेल्या फटीतून कल्ल्यावरून गेलेले पाणी बाहेर पडते. तबकडीखाली कानाच्या पाळीसारखे वळलेले एक जाड, चुनखडीचे कवच दडलेले असते. इतर बहुतेक समुद्रसशांचे कवच पातळ आणि लवचीक उरले आहे. याचे मात्र चांगले दणकट असते, इतके की प्राणी मेल्यावर ते किनाऱ्यावर शंखशिंपल्यांबरोबर सापडते. या जातीला शास्त्रीय नाव मिळाले ते १७८६ साली, इंग्लंडमधील पोर्टलंडच्या डचेसचा अवाढव्य संग्रह लिलावात निघाला त्या वर्षी, जॉन लाइटफूट यांच्याकडून. पूर्ण वाढलेला डोलाबेला ४० सेंटिमीटरपर्यंत जाऊ शकतो. दुकानात दिसणारे नग बहुधा तळहातात मावतील एवढे असतात, त्यामुळे ही वाढ विकणाऱ्याने सांगितल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या ध्यानात येणे कठीण आहे.

आता त्याच्या दिसण्याविषयी, कारण पैसे मोजून आणलेली वस्तू दिवसा दिसतच नाही ही तक्रार बहुतेकांची असते. डोलाबेलाच्या कातडीवर हिरवा, राखाडी आणि तपकिरी रंग ठिपक्याठिपक्यांनी असा मिसळलेला असतो की कोणताही एक रंग डोळ्यांत भरत नाही. त्यावर लहानमोठ्या मांसल काड्या उगवलेल्या असतात. काही सरळ, काही टोकाला फाटे फुटलेल्या. पाण्याच्या प्रवाहाबरोबर त्या काड्या हलतात, आणि शेजारच्या खडकावरचे शेवाळही त्याच लयीत हलत असते. खऱ्या समुद्रात हा प्राणी उथळ खाजणे, समुद्रगवताची कुरणे, वाळू-चिखल आणि तुटक्या खडकांचे तळ अशा जागी राहतो, दिवसा चिखलात किंवा गवताच्या बुडख्याशी अर्धवट गाडून घेतो आणि अंधार पडल्यावर चरायला निघतो. टाकीतही त्याने तोच शिरस्ता चालू ठेवला. काचेपासून वीतभर अंतरावरच्या खडकाला तो चिकटून असताना घरी आलेल्या पाहुण्यांना बोट दाखवूनही तो दिसत नसे; दिसायची ती फक्त ती फट, जी थोड्या थोड्या वेळाने उघडायची आणि मिटायची. शोभेसाठी काही हवे असेल त्याने हा प्राणी घेऊ नये हे खरे, पण लपण्याची ही कला न्याहाळण्यातच ज्याला गोडी वाटेल त्याचे पैसे इथेच वसूल होतात.

शोभेचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगून टाकते. याच दुकानांत कधीकधी निळ्या-पिवळ्या, झगझगीत रंगांच्या न्यूडिब्रँक गोगलगायीही विकायला येतात, आणि त्या समुद्रसशांच्या शेजारीच ठेवल्या जात असल्यामुळे लोकांना दोन्ही एकाच माळेचे मणी वाटतात. वास्तविक न्यूडिब्रँक मांसाहारी असतात, आणि त्यांच्यातील बहुतेक जाती एखाद्या ठरावीक स्पंजावर किंवा तशाच एखाद्या प्राण्यावर जगतात, जो घरच्या टाकीत नसतो. ते विकत घेणे म्हणजे उपाशी मरणारा प्राणी घरी आणणे होय. समुद्रससा पूर्ण शाकाहारी आहे, आणि निदान सुरुवातीला तरी त्याचे अन्न आपल्या टाकीत भरपूर असते, हा त्याच्या बाजूचा फार मोठा मुद्दा आहे.

कामाच्या बाबतीत मी त्याला पैकीच्या पैकी गुण देते. दिवे मालवल्यानंतर लाल उजेडात पाहिले तर हा प्राणी डोके डावी-उजवीकडे झुलवत पुढे सरकतो, तोंडापाशी असलेल्या दोन रुंद, घडी पडलेल्या संस्पर्शकांनी पृष्ठभाग चाचपतो आणि शेवाळ लागले की ओठ फाकवून ते तोंडात ओढून घेतो. काचेवर चरत असताना त्याचे तोंड आतून दिसते: ओठांची उभी चीर उघडते, दातांच्या सूक्ष्म रांगांनी भरलेली जीभ पुढे येते, खरवडते आणि मागे जाते, हे इतक्या संथ आणि नेमक्या गतीने चालते की पाहणाऱ्याला वेळेचे भान राहत नाही. गिळलेले शेवाळ आत जाऊन एका स्नायुमय कोठ्यात पोहोचते, तिथे कठीण दातांसारखे उंचवटे ते दळतात. सकाळी त्याच्या मार्गावर खडकाचा मूळ जांभळट रंग उघडा पडलेला असतो. शंखातल्या गोगलगायी शेवाळाचा पातळ थर चांगला खरवडतात, पण बोटभर वाढलेल्या केसाळ शेवाळाकडे त्या ढुंकूनही पाहत नाहीत. शेवाळखाऊ मासे त्यांतले कोवळे तेवढे टिपतात. डोलाबेला मुळापासून उपटतो. त्याची एकच बाजू गैरसोयीची आहे, ती म्हणजे जेवढे खातो तेवढेच बाहेरही टाकतो. तळाशी हिरवट-तपकिरी लेंड्यांचा थर साचतो, आणि तो उपसून काढला नाही तर त्यातील पोषणद्रव्ये पुन्हा पाण्यात उतरून नव्या शेवाळाला खतपाणी घालतात. शेवाळाचे मूळ कारण पाण्यातील नायट्रेट आणि फॉस्फेट हे असते. समुद्रससा ते कारण दूर करीत नाही, ही गोष्ट दुकानात कुणी सांगितल्याचे मी ऐकलेले नाही.

येथून अडचणींना सुरुवात होते. जो प्राणी समुद्रगवताच्या पसरलेल्या कुरणात रोज रात्री नवी जागा धुंडाळत चरतो, त्याला घरातली टाकी काही आठवड्यांत अपुरी पडते. शेवाळ संपले की तो आधी काचेच्या वरच्या कडेशी घिरट्या घालू लागतो, नंतर सुस्तावतो, आणि अन्न न मिळाल्यास त्याचे शरीर आकसत जाते. नोरीच्या, म्हणजे खाण्याच्या सुकवलेल्या समुद्री शेवाळाच्या, पट्ट्या दगडाला बांधून दिल्या तर तो खातो, परंतु सगळेच नग खातात असे नाही, आणि जे खातात त्यांची भूकही त्या पट्ट्यांनी पुरती भागत नाही. त्याचे आयुष्यही मुळात आखूडच असते. समुद्रससे साधारणपणे वर्षभराच्या आसपास जगतात: झपाट्याने वाढतात, अंडी घालतात आणि संपतात. दुकानातला मोठा, भरदार नग निवडणाऱ्या गिऱ्हाइकाला त्यामुळे आयुष्याचा उत्तरार्ध विकत मिळतो. घ्यायचाच असेल तर लहान नग घ्यावा, असा सल्ला मी देईन. नुसत्या आकाराकडेही पाहू नये: हात लावल्यावर जो घट्ट होतो आणि तळव्याने काच पकडून ठेवतो तो घ्यावा; लोळागोळा होऊन पडलेला स्वस्तात मिळत असला तरी सोडून द्यावा.

शाईबद्दल गिऱ्हाइकांत भीती फार आहे, आणि दुकानदार एक तर ती हसण्यावारी नेतात किंवा तिचा उल्लेखच टाळतात. वस्तुस्थिती या दोन्हींच्या मधली आहे. डिवचला गेल्यास समुद्रससा जांभळा द्रव सोडतो. त्याचा रंग तांबड्या शेवाळातील रंगद्रव्यापासून बनलेला असतो, म्हणजे खाल्लेल्या अन्नातूनच त्याने आपले हत्यार घडवलेले असते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील अ‍ॅप्लिसिया कॅलिफोर्निका या त्याच्या नातलगावर झालेल्या प्रयोगांत असे दिसून आले की शाईबरोबर सुटणाऱ्या चिकट स्रावात अमिनो आम्ले इतकी असतात की हल्ला करणारा शेवंडा त्या ढगालाच अन्न समजून चिवडत बसतो आणि ससा निसटतो. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी तर लिहून गेला आहे की हिंदी महासागरातील समुद्रससा नुसत्या स्पर्शानेही विष चढवतो आणि वांत्या होतात. माझ्या हाताला त्याने काहीही झालेले नाही, तरी खाणे ही वेगळी गोष्ट आहे: फिजीत हा प्राणी शिजवून खाल्ला जातो, आणि तो खाऊन विषबाधा झाल्याच्या नोंदीही वैद्यकीय साहित्यात आहेत. मत्स्यालयापुरते बोलायचे तर मोठ्या टाकीत, चांगला स्किमर (फेसावाटे घाण वेगळी काढणारे यंत्र) आणि पाणी शुद्ध करणारा सक्रिय कोळसा असताना सुटलेली थोडी शाई निस्तरता येते. लहान टाकीत तीच शाई माशांना जाचक ठरते, आणि पॉवरहेडच्या, म्हणजे पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या, तोंडात ओढला जाऊन प्राणी फाटला तर शाई आणि कुजणारे मांस दोन्ही एकदम पाण्यात येतात. त्यामुळे प्राणी आणण्याआधी पॉवरहेड आणि ओव्हरफ्लोच्या (जादा पाणी बाहेर नेणाऱ्या वाटेच्या) तोंडांवर स्पंज किंवा बारीक जाळी बसवावी. दुकानात ही सूचना लेखी मिळायला हवी. मला तोंडीदेखील मिळाली नाही.

या बेढब प्राण्याचे नाव औषधशास्त्रात मात्र आदराने घेतले जाते, आणि ते ठाऊक झाल्यावर टाकीतल्या त्या ढेकळाकडे पाहण्याची माझी नजर बदलली. अमेरिकेतील अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीचे रसायनशास्त्रज्ञ जॉर्ज पेटिट यांच्या गटाने हिंदी महासागरातून, मॉरिशसच्या परिसरातून गोळा केलेल्या डोलाबेलांपासून कर्करोगाच्या पेशींना रोखणारी द्रव्ये वेगळी काढण्याचे काम १९७० च्या दशकात हाती घेतले. त्यांतील सर्वांत प्रभावी ठरलेल्या डोलास्टॅटिन १० ची रचना त्यांनी १९८७ साली प्रसिद्ध केली. हे द्रव्य इतके अल्प असते की ढीगभर प्राण्यांमधून काही मिलिग्रॅमच हाती लागत, आणि प्रयोगशाळेत ते बनवता आले नसते तर पुढची वाटच खुंटली असती. पेशी विभागताना ज्या सूक्ष्म नलिकांची चौकट उभी राहते, तीच हे द्रव्य उभी राहू देत नाही. ते एकटे देण्याचे रुग्णांवरील प्रयोग यशस्वी झाले नाहीत, कारण निरोगी पेशींनाही ते सोडत नसे. पुढे त्याच रचनेवर बेतलेले एक कृत्रिम द्रव्य प्रतिपिंडाला, म्हणजे ठरावीक पेशी ओळखून तिला चिकटणाऱ्या प्रथिनाला, जोडून थेट कर्कपेशीपर्यंत पोहोचवण्याची युक्ती निघाली, आणि त्यातून तयार झालेल्या ब्रेंटुक्सिमॅब व्हेडोटिन या औषधाला हॉजकिन लिंफोमा या लसिकासंस्थेच्या कर्करोगासाठी अमेरिकेत २०११ साली मान्यता मिळाली. या कथेचा आमच्या टाकीशी संबंध असा की डोलास्टॅटिन १० मुळात समुद्रसशाचे नव्हेच. २००१ साली पलाऊ बेटांजवळच्या सिम्प्लोका नावाच्या नीलहरित जीवाणूंत ते थेट सापडले. ससा ते चरता चरता अंगात साठवत असतो. नोरीच्या पट्ट्यांवर पोसलेला डोलाबेला आणि चिखलातल्या कुरणात चरणारा डोलाबेला दिसायला सारखेच असले, तरी ज्या अन्नातून तो आपली रसद आणि आपले संरक्षण गोळा करतो ते अन्न टाकीत नसते.

‘हा फार्ममधला आहे का?’ या प्रश्नाला दुकानात ‘इम्पोर्टेड आहे’ एवढेच उत्तर मिळाले, आणि ते त्या प्रश्नाचे उत्तर नव्हे. प्रत्येक समुद्रससा एकाच वेळी नरही असतो आणि मादीही, आणि मिलनानंतर शेवयांच्या गुंत्यासारखी, पिवळट-हिरवी अंड्यांची लांबच लांब दोरी घालतो. फिलिपिन्सच्या विसाया बेटांवर या दोऱ्यांना लुकोत म्हणतात, किनाऱ्यावरचे लोक त्या व्हिनेगर घालून कच्च्या खातात आणि बाजारात विकतातही. माझ्या टाकीतही एका सकाळी खडकाच्या आडोशाला अशी दोरी आढळली. टाकीत दुसरा समुद्रससा नव्हता, तेव्हा मिलन समुद्रात किंवा व्यापाऱ्याच्या हौदातच झालेले असणार. अंडी भरमसाट निघत असली तरी घरात त्यांची पिल्ले होत नाहीत, कारण बाहेर पडणारी अळी सुमारे महिनाभर पाण्यात तरंगत सूक्ष्म शैवालावर जगते आणि मगच शेवाळ पाहून तळाला बसते. आपले पंप आणि स्किमर तिला एक दिवसही जगू देत नाहीत. विक्रीला येणारे नग समुद्रातून धरलेलेच असतात, हे त्यामुळे गृहीत धरून चालावे. ही जात पूर्व आफ्रिकेपासून प्रशांत महासागरातील बेटांपर्यंत पसरलेली आहे, तमिळनाडूच्या मन्नारच्या आखातातही ती आढळते, आणि आपल्या हातातला नग यांपैकी कोणत्या पाण्यातला आहे हे पाटीवर असायला काहीच हरकत नाही. दगडी प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या यादीत असल्याने माझी टाकी केवळ माशांची आणि खडकांची आहे. त्या बाबतीत नियम पाळणाऱ्या दुकानदाराला समुद्रसशाचे मूळ ठिकाण लिहून ठेवणे जड जाऊ नये.

दुकानाची जमेची बाजू एकच, पण ती भक्कम आहे. शेवाळ संपल्यावर प्राणी जिवंत आणि धडधाकट परत आणल्यास त्याच्या किमतीचा निम्मा भाग पुढच्या खरेदीत वळता करून घेण्याची बोली दुकानदाराने स्वतःहून केली आणि ती पाळलीही. आमचा समुद्रससा आता दुसऱ्या एका हौशी माणसाच्या टाकीत चरत आहे, असे दुकानदाराकडून कळले. विक्रेत्याच्या दृष्टीनेही हा व्यवहार तोट्याचा नाही, कारण तोच प्राणी दोन-तीन ठिकाणी काम करतो आणि गिऱ्हाईक दरवेळी मीठ, नोरी किंवा कोळसा घेऊनच बाहेर पडते. बाकी सेवेविषयी: पिशवीत पाणी पुरेसे होते, प्राणी प्रवासात शाई न सोडता पोहोचला, आणि पाण्याची क्षारता विचारल्यावर मापून सांगण्यात आली. त्याच दुकानातील विक्रेता याच प्राण्याला ‘शेवाळाचे मशीन’ म्हणून दीड फुटी टाकीच्या मालकाला विकत असताना मी शेजारी उभी होते, आणि तो व्यवहार मला पटला नाही.

किंमत चांगल्या पॉवरहेडच्या तोडीची पडते, म्हणून परतीची बोली न करणाऱ्या दुकानातून हा प्राणी घेऊ नये. टाकी निदान चार फुटांची आणि जुनी, मुरलेली असावी. पाणी २४ ते २६ अंशांच्या आसपास राहावे, ज्यासाठी मुंबईच्या उन्हाळ्यात पाणी गार ठेवणारा चिलर लागतोच. माशांच्या रोगासाठी त्या पाण्यात कधी तांब्याचे औषध वापरले असेल तर बेत रद्द करावा, कारण बिनकण्याच्या प्राण्यांना तांबे सोसत नाही. घरी आल्यावर पिशवीतले पाणी टाकीत न ओतता, थेंबाथेंबाने टाकीचे पाणी मिसळत तासाभराने प्राणी सोडावा. परत नेताना छोट्या पिशवीऐवजी झाकणाची बादली वापरावी, तळाशी तो ज्याला चिकटला असेल तो खडकाचा तुकडाच उचलून ठेवावा, आणि खडकावरून ओढून काढण्याचा प्रयत्न करू नये. त्याची पकड जबरदस्त असते आणि शाई हमखास सुटते ती याच वेळी.